सात किलो चारशे ग्रॅमचा धडा

‘बाई, रागावू नका. पण माह्या वहीत दुसराच आकडा येते.’

२०२४ ची दिवाळी चार-पाच दिवसांवर आली होती. कळमन्याच्या धान्य बाजारात सोयाबीनची एवढी आवक, की पोत्यांमधून पाय ठेवायला जागा नव्हती. हमालांच्या हाका, मेटॅडोरचे हॉर्न, धूळ... आणि एका अडत दुकानाच्या कोपऱ्यात संगणकासमोर बसलेली मी. समोर कुही तालुक्यातले एक म्हातारे काका उभे. एका हातात आमच्या दुकानाची छापील हिशेबपट्टी, दुसऱ्या हातात घड्या घालून घालून मऊ पडलेली खिशातली वही.

‘चौदा पोते होते माहे. काट्यावर वजन बोललं का मी लिहून घेतो. जोडलं तं ८४६ किलो चारशे ग्रॅम येते. तुमच्या कागदावर ८३९ हाय. हे सात किलो कुठं गेले जी?’

मी हसूनच म्हटलं, ‘काका, कॉम्प्युटर बेरीज चुकत नाही.’

मैत्रिणींनो, हे वाक्य आठवलं की आजही तोंड लपवावंसं वाटतं. कारण तो प्रोग्राम कुठल्या कंपनीकडून आणलेला नव्हता. तो मी लिहिला होता. आणि काकांचं बरोबर होतं.

माउस धरताना हात थरथरायचा

अडत दुकानात हिशेब लिहिणारी बाई आणि प्रोग्राम? तुम्हाला प्रश्न पडणारच. म्हणून थोडं मागे जाऊ.

बी.कॉम. झाले, लग्न झालं आणि मी कळमन्याला आले. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीचा कोर्स सुरू झाला होता आणि त्याचे फलक बघता बघता गल्लोगल्ली लागले होते. सासूबाईंची परवानगी काढून २००४ साली मीही नाव घातलं. माउस धरताना हात थरथरायचा! पुढे टॅली शिकले. लेक शाळेत जायला लागली तशी बाजारातल्या दुकानात कामाला लागले. मापाड्याच्या चिठ्ठीवरून एकेका पोत्याचं वजन उतरवायचं, बेरीज करायची, भावाने गुणायचं, कटौती वजा करायची आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी द्यायची. सोयाबीनच्या दिवसांत रोजच्या पंधरा-वीस पट्ट्या. मान मोडून यायची.

लेक बीसीएला गेली आणि घरात लॅपटॉप आला. तिच्या पुस्तकांत एक होतं सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचं. एकदा सहज चाळलं. पहिल्या प्रकरणाचा मथितार्थ असा, की प्रोग्राम लिहिणं हा या विद्येचा एक भाग झाला. काय हवंय ते नीट विचारणं, कामाचे तुकडे पाडणं, तपासणं, बदल नोंदवून ठेवणं आणि नंतर वर्षानुवर्षं सांभाळणं, हे सगळं मिळून इंजिनिअरिंग. मला गंमत वाटली. अगं, हे तर हिशेबाच्या कामासारखंच आहे!

‘आई, तू शिकतेस का?’ लेकीने विचारलं. मी हो म्हणून बसले.

पायथन नावाची भाषा नवशिक्यांना सोपी जाते, असं तीच म्हणाली. नेदरलँड्सच्या गिडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ साली जगासमोर आणली. फुकट मिळते, साध्या संगणकावर चालते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात तर मराठीतूनही धडे आहेत. ओटा आवरून झाला की रात्री दहा ते अकरा माझा अभ्यास. आमचे हे म्हणायचे, ‘परीक्षा कधी आहे?’ परीक्षा दिवाळीआधीच होणार होती, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

आधी विचारा, मग लिहा

हिशेबपट्टीचा प्रोग्राम करायचा ठरवलं तेव्हा मला वाटलं, यात काय आहे? वजन गुणिले भाव. संपलं.

आमच्या दुकानातले जुने दिवाणजी ऐकत होते. ते म्हणाले, ‘बाई, माल दोन भावात गेला तर? शेतकऱ्याने आधी उचल घेतली असेल तर? एखादं पोतं ओलं निघालं म्हणून त्याचा भाव वेगळा धरला तर?’ मी गप्प. वही काढली आणि आठ दिवस नुसते प्रश्न विचारत फिरले. मापाड्याला विचारलं, हमालांच्या टोळीप्रमुखाला विचारलं. एकेका प्रश्नातून दोन-दोन नवे प्रश्न निघत. शेवटी सतरा ओळींची यादी झाली.

पुस्तकात याला गरजांची नोंद म्हणतात. आपण लग्नघरी आचाऱ्याला बोलावतो तेव्हा तो आल्या आल्या कढई चढवतो का? पानं किती, उपवासाचे किती, पाणी कुठलं, गॅस किती, हे आधी विचारतो. तसंच हे.

दुसरी गोष्ट शिकले ती तुकडे पाडण्याची. वजनाची बेरीज एका तुकड्यात, कटौती दुसऱ्यात, छपाई तिसऱ्यात. आणि दर कुठेही विखरून ठेवायचा नाही. हमालीचा दर एकदाच, एका जागी लिहायचा आणि सगळ्यांनी तिथूनच घ्यायचा. याचं महत्त्व कळायला जीएसटी आठवून बघा. १ जुलै २०१७ ला तो आला आणि २२ सप्टेंबर २०२५ ला त्याचे दर बदलले. ज्यांनी आपल्या प्रोग्राममध्ये दर वीस ठिकाणी लिहून ठेवला असेल, त्यांनी वीस ठिकाणी शोधाशोध केली असणार. आणि एखादी जागा तरी राहूनच गेली असणार!

ती लाल अक्षरं

प्रोग्राम झाला. आता तपासायचा. पोत्यांची वजनं घातली ५०, ६०, ४०. उत्तर आलं १५०. पुन्हा घातली ५५, ६५, ६०. उत्तर १८०. वा! लेकीला मिठीच मारली.

चकलीचा घाणा काढायच्या आधी आपण एक चकली तळून बघतो ना? मीही तेच केलं. फक्त तळून बघितली ती सगळ्यात सुबक वळलेली चकली. खऱ्या पोत्याचं वजन कधी बरोब्बर साठ किलो भरतं का?

दुकानात पहिल्याच दिवशी पहिल्याच पोत्याचं वजन आलं ६१.४. मी टाईप केलं आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली. अर्थ एवढाच, की ‘मला पूर्ण आकडा सांगितला होतास, हा पूर्ण नाही.’ कारण प्रोग्राममध्ये मीच तसं लिहिलं होतं. समोर शेतकऱ्यांची रांग. लेक कॉलेजात. मला घाम फुटला. घाईघाईने पुस्तक उलगडलं आणि त्या ओळीत एक शब्द वाढवला. आधी दशांशासकट घे आणि मग त्याचा पूर्ण आकडा कर. लाल अक्षरं गेली! पट्टी छापून आली. माझी छाती फुगली.

झालं काय होतं? संगणक ६१.४ चे ६१ करत होता, ५८.७ चे ५८ आणि ६०.९ चेसुद्धा ६०. जवळचा आकडा धरत नव्हता, दशांश सरळ कापत होता. दर पोत्यामागे कधी चारशे ग्रॅम गायब, कधी नऊशे. तो मला ओरडून सांगत होता, ‘बाई, इथे काहीतरी चुकतंय.’ मी त्याचं ऐकून घेतलं नाही, त्याचं तोंड बंद केलं.

पुस्तकात लिहिलं होतं, नवी पद्धत सुरू करताना काही दिवस जुनी आणि नवी दोन्ही सोबत चालवा आणि आकडे ताडून पाहा. मी ठरवलंही होतं. पण गर्दी बघून शेठ म्हणाले, ‘ताई, दोन-दोनदा काय लिहिता? छापून येतंय ना?’ खरं सांगू? मलाही तेच हवं होतं.

काकांच्या सोयाबीनला भाव लागला होता ४,२०० रुपये क्विंटल. म्हणजे किलोला ४२. सात किलो चारशे ग्रॅमचे झाले ३१० रुपये ८० पैसे. चौथी शिकलेल्या माणसाने पेन्सिलीने केलेल्या बेरजेने माझी चूक पकडली.

एकसष्ट पट्ट्या

काकांना तिथल्या तिथे पैसे दिले, हात जोडले. पण तो प्रोग्राम चार दिवस चालला होता. मी मापाड्याच्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि रात्री घरी बसून हाताने ताळा केला. ६१ पट्ट्या. त्यांतल्या ५८ मध्ये वजन कमी. एकूण १४,३२० रुपये.

हे पैसे होते कुठे? आमच्याच गल्ल्यात! खरेदीदारांची बिलं दिवाणजी हाताने करत. ती बरोबर होती. खरेदीदारांनी पूर्ण वजनाचे पैसे दिले आणि शेतकऱ्यांना कमी वजनाचे गेले. हंगामाच्या घाईत रोजचा मेळ घालायचा राहिला, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

सकाळी शेठना सांगितलं. ते म्हणाले, ‘ताई, दोन-तीनशे रुपयांसाठी कोण परत येतंय? सीझन आहे. विसरा आता.’

माझे पाय लटपटत होते. नोकरीची गरज मला होती, लेकीची फी भरायची होती. तरी बोलले, ‘शेठ, काल रात्रीपर्यंत ती चूक होती. आता आपल्याला माहीत आहे. आता गप्प बसलो तर ती चोरी होईल.’

ते काही बोलले नाहीत. दिवसभर बोलले नाहीत. मी मनाशी दुसरं काम शोधायची तयारी केली. संध्याकाळी त्यांनी शेतकऱ्यांच्या मोबाइल नंबरची वही माझ्यासमोर ठेवली आणि एवढंच म्हणाले, ‘बाजारात नाव एकदा गेलं की परत येत नाही. लावा फोन.’

दिवाळीच्या आदल्या दोन रात्री मी फोन करत होते. कुणी चिडले, आणि ते चिडणं रास्तच होतं. कुणी हसले. मौद्याकडच्या एका घरी बाईने फोन उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘पैसे मागाले फोन येते बाई. द्याले पहिल्यांदाच आला.’

तीन जण लागले नाहीत. त्यांची रक्कम खात्यात देणे म्हणून लिहून ठेवली.

एका आईची गोष्ट

त्या दिवसांत मला फार लाज वाटायची. आपल्याला जमणारं हे काम नाही, असं वाटायचं. तेव्हा लेकीने दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराची. त्यांनी जानेवारी १९८२ मध्ये नवा निर्देशांक १,००० या आकड्यापासून सुरू केला. दिवसभरात हजारो वेळा तो नव्याने काढला जाई आणि दर वेळी दशांशचिन्हानंतरचे तीन अंक ठेवून पुढचे कापून टाकले जात. बाजार चांगला चाललेला, पण निर्देशांक आपला खाली खाली! नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२४ वर आला. नीट हिशेब केला तर तो १,०९८ च्या वर असायला हवा होता. हुबेहूब माझीच चूक! फरक इतकाच, की ती त्यांना जवळजवळ दोन वर्षं छळत राहिली.

दुसरी गोष्ट मार्गारेट हॅमिल्टन यांची. माणसाला चंद्रावर नेणाऱ्या अपोलो यानांचं सॉफ्टवेअर अमेरिकेत एमआयटी या संस्थेत तयार झालं. यानावरच्या सॉफ्टवेअरच्या गटाच्या त्या प्रमुख होत्या. घरी लहान मुलगी, लॉरेन. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी त्या तिला कामावर घेऊन येत. एकदा खेळता खेळता लॉरेनने सरावाच्या यंत्राची बटणं दाबली. यान उड्डाणात असताना उड्डाणाआधीचा कार्यक्रम सुरू झाला आणि सगळं कोसळलं.

दुसरी कुणी असती तर पोरीला रागावली असती. हॅमिल्टन यांच्या मनात आलं, हेच एखाद्या अंतराळवीराकडून झालं तर? अशी चूक अडवणारी सोय प्रोग्राममध्ये घालू या, असं त्यांनी सुचवलं. वरिष्ठ म्हणाले, आमचे अंतराळवीर चुकत नाहीत. आणि डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ च्या प्रवासात जिम लॉवेल यांच्याकडून नेमकी तीच चूक झाली! यानाची जागा-दिशा सांगणारी माहिती पुसली गेली आणि ती पुन्हा भरावी लागली.

त्याच १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश गावी मोठमोठे जाणकार एका परिषदेत जमले होते. सॉफ्टवेअरची कामं वेळेत होत नाहीत, खर्च वाढतो, चुका राहतात, यावर उपाय शोधायला. परिषदेचं नावच होतं ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’. हा शब्द हॅमिल्टनही वापरत आणि सुरुवातीला लोक त्याला हसत. पूल बांधणं म्हणजे इंजिनिअरिंग, हे कसलं? २०१६ साली त्यांना अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हस्ते स्वातंत्र्यपदक मिळालं.

‘अंतराळवीर चुकत नाहीत’ आणि ‘कॉम्प्युटर बेरीज चुकत नाही’. मैत्रिणींनो, दोन्ही वाक्यं एकाच माळेची. चूक होणार नाही असं धरून चालतो तो प्रोग्राम लिहितो. चूक होणारच, मग ती कुणाला झळ लागण्याआधी कशी पकडायची, असं जो विचारतो तो इंजिनिअर. मला हे चार दिवसांत आणि १४,३२० रुपयांत कळलं.

एआय आहे ना!

आता तर एआयला दोन ओळी सांगितल्या की तो प्रोग्राम लिहून देतो. मग शिकायचं कशाला, असं शेजारची सून मला विचारत होती. मी तिला म्हटलं, विकतची भाजणी आणली तरी पहिली चकली तूच तळून बघतेस ना? ओलं पोतं आलं तर काय करायचं, हे एआयला आपण सांगितलं नाही तर त्याला कसं कळणार? आणि पट्टी चुकली तर शेतकरी त्याच्यासमोर उभा राहत नाही. आपल्यासमोर राहतो.

शिकावंसं वाटत असेल, तर माझ्या अनुभवातून एवढं सांगते:

- पहिला प्रोग्राम रोजच्या कामातला करा. भिशीचा हिशेब, शिवणाची मापं, बचत गटाची वही. उत्तर बरोबर की चूक, हे तुम्हालाच लगेच कळेल.
- लिहिण्याआधी प्रश्नांची यादी करा. ‘आणि असं झालं तर?’ हा प्रश्न दहा वेळा विचारा.
- तपासताना वाकडेतिकडे आकडे घाला. दशांश, शून्य, रिकामी जागा, चुकून दोनदा दाबलेलं बटण.
- लाल अक्षरांना घाबरू नका आणि न वाचता त्यांना गप्पही करू नका.
- जुनं पुसू नका. रोजकीर्दीत आपण चूक खोडून सही करतो, तसा प्रत्येक बदल तारखेसह जपून ठेवा. त्यासाठी ‘गिट’ नावाचं साधन आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली केलं, तेही फुकट मिळतं.
- नवं सुरू झालं तरी काही दिवस जुनी वही चालू ठेवा. कितीही गर्दी असली तरी!

माझा प्रोग्राम आता सुधारला आहे. संगणकाच्या पोटात दशांश आकडे कधीकधी किंचित इकडेतिकडे होतात, हे नंतर शिकले. म्हणून वजन मी ग्रॅममध्येच ठेवते. ६१.४ किलो म्हणजे ६१,४०० ग्रॅम. कापायला काही उरतच नाही. पट्टीवर आता एकूण वजनाखाली प्रत्येक पोत्याचं वजन वेगळं छापते, म्हणजे कुणालाही ताडून बघता येतं. आणि बंद केलेली हाताची वही पुन्हा उघडून महिनाभर दोन्ही हिशेब सोबत चालवले.

२०२५ च्या हंगामात कुहीचे काका पुन्हा आले. या वेळी अकरा पोती. मी पट्टी छापली आणि त्यांच्या हातात देऊन म्हटलं, ‘काका, आधी तुम्ही जोडा.’ त्यांनी तीच मऊ वही काढली, पेन्सिल जिभेला लावली आणि पाच मिनिटं लावली. मागची रांग कुरकुरत होती. मी थांबले.

‘जमलं जी,’ ते म्हणाले.

फोन न लागलेल्या तिघांपैकी दोघे पुढे तूर घेऊन आले आणि आपले पैसे घेऊन गेले. तिसऱ्या नावापुढे आजही २१४ रुपये देणे आहे. दर महिन्याला खातं उघडलं की ती ओळ दिसते. मी ती तशीच ठेवली आहे. ते येतील तेव्हा द्यायचे आहेत.